मोटारीवरील अक्षरे उतरविताना

दादरा आणि नगर हवेली व दमण आणि दीव हे दोन केंद्रशासित प्रदेश २६ जानेवारी २०२० रोजी एक झाले, आणि त्या विलीनीकरणाने दप्तरांतील मथळे, कचेऱ्यांवरील पाट्या व शिक्के यांच्याबरोबरच वाहनांच्या दारांवर चिकटविलेली जुन्या प्रदेशाची नावेही कालबाह्य ठरविली. परंतु या प्रदेशातील किलवणी नाक्यावर घटकाभर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्या वाहनांकडे जो पाहील, त्याच्या ध्यानात येईल की, वाहनांवरील मजकूर जुना होण्यास राजकीय घडामोडच लागते असे नाही. आमली, पिपरिया, मसाट, नरोली येथील कारखान्यांकडे कराराने लावलेल्या मोटारींवर त्या त्या कारखान्याचे नाव झळकत असते. कराराची मुदत संपते, मोटार दुसऱ्या कामाला लागते अथवा विकली जाते, आणि नाव मात्र दारावर तसेच राहते. जुनी मोटार विकत घेणाऱ्याला तर पूर्वीच्या मालकाच्या मुलांची नावे, त्याच्या मंडळाचे बोधचिन्ह आणि त्याच्या कुलदैवताची प्रतिमा हे सारे मोटारीसोबतच मिळते. ही रेडियमची अक्षरे काढून टाकावीत अशी इच्छा होणे अगदी स्वाभाविक आहे. पण ती काढताना पुष्कळांच्या मोटारीचा रंगही निघून येतो, आणि पन्नास-शंभर रुपयांच्या स्टिकरापायी सबंध दार पुन्हा रंगवून घेण्याची पाळी येते. सबब या साध्या दिसणाऱ्या कामाचा थोडा सविस्तर विचार करणे उपयुक्त ठरेल.

स्टिकर कसा काढावा असा प्रश्न सामान्यतः विचारला जातो; त्याआधी विचारण्याचा प्रश्न असा की, त्या स्टिकराखाली कोणता रंग आहे. याचे उत्तर ठाऊक असेल तर पुढची सारी कृती सोपी आहे, आणि ते ठाऊक नसेल तर उत्तमातले उत्तम साधन हाती असूनही नुकसान टळण्याची हमी नाही. कारखान्यात नव्या मोटारीच्या पत्र्यावर रंगाचे जे थर चढतात, ते एकंदरीत सुमारे १०० ते १५० मायक्रॉन जाडीचे, म्हणजे माणसाच्या एका-दोन केसांच्या जाडीएवढे असतात. पत्र्याला गंजापासून जपणारे अस्तर, त्यावर प्रायमर, त्यावर दृश्य रंग आणि सर्वांत वर पारदर्शक ‘क्लिअर’चा ३५ ते ५० मायक्रॉनांचा थर, अशी ही रचना असून वरचे थर सुमारे १४० अंश सेल्सिअस तापमानाच्या भट्टीत भाजून पक्के केलेले असतात. अशा भाजलेल्या रंगाची पत्र्यावरची पकड स्टिकराच्या गोंदाच्या पकडीपेक्षा कितीतरी बळकट असते. म्हणून मूळ कारखान्यातील रंगावरून स्टिकर काढताना रंग उपटून येण्याचे भय फार थोडे, आणि ओरखड्याचेच भय अधिक. याच्या उलट, अपघातानंतर डेंटिंग-पेंटिंगच्या दुकानात पुन्हा मारलेला रंग चांगल्या ठिकाणी ६० अंशांच्या आसपास तापविलेला आणि लहान दुकानात बहुधा नुसत्या हवेवर वाळविलेला असतो. खालची लांबी (पुट्टी) नीट घासली नसेल किंवा पत्र्यावर तेलाचा अंश राहिला असेल, तर हा रंग वरवर तुळतुळीत दिसूनही आतून सुटा असतो, आणि स्टिकर ओढताच तो कागदासारखा त्याच्या पाठीला चिकटून येतो.

तेव्हा मोटारीचा तो विशिष्ट भाग दुसऱ्यांदा रंगविला आहे काय, याची तपासणी प्रथम करावी. सकाळच्या तिरप्या उजेडात मोटारीच्या बाजूने नजर लावून पाहिले असता एखाद्या दाराची छटा शेजारच्या दारापेक्षा किंचित निराळी, किंवा त्यावरील पोत संत्र्याच्या सालीसारखा अधिक खरबरीत दिसतो. दार उघडून त्याच्या कडा, काचेभोवतीचे काळे रबर आणि बिजागरीचे बोल्ट पाहावेत: रबरावर रंगाचे बारीक तुषार असतील, आतल्या कडेवर टेप लावून तोडलेली सरळ रेघ नखाला लागत असेल, किंवा बोल्टांच्या कोपऱ्यांवरचा रंग पान्याने उडालेला असेल, तर ते दार एकदा तरी रंगाऱ्याच्या हातून गेले आहे असे समजावे. एक लहान लोहचुंबक मऊ कापडात गुंडाळून पत्र्यावरून फिरविल्यास, जेथे तो ढिला पडतो तेथे खाली लांबीचा जाड थर आहे असे अनुमान निघते. मात्र बंपर, आरशांची आवरणे आणि काही मोटारींतील ॲल्युमिनियमचे भाग यांना ही कसोटी लागू पडत नाही. जुन्या मोटारींचा व्यापार करणारे लोक रंगाची जाडी मोजण्याचे छोटे यंत्र बाळगतात. ओळखीच्या माणसाकडून ते क्षणभर मिळाल्यास त्यावरील आकडा २००च्या बराच वर गेला की संशयाला जागा राहत नाही. पुन्हा रंगविलेल्या भागावरील स्टिकर काढूच नये असे माझे म्हणणे नाही. पण तेथे उष्णता कमी, वेळ अधिक आणि द्रावण अत्यंत सौम्य असे धोरण ठेवावे. रंगकाम होऊन दोन-तीन महिनेसुद्धा झाले नसतील, तर रंग पुरता मुरेपर्यंत कामच पुढे ढकलावे.

काही चिकटविलेल्या वस्तू मात्र काढावयाच्याच नाहीत, आणि त्यांची ओळख पटवून घेणे हेही तपासणीचेच अंग आहे. १ एप्रिल २०१९ पासून बनलेल्या वाहनांच्या पुढील काचेला आतून लावलेले, इंधनाप्रमाणे फिकट निळ्या, नारिंगी अथवा करड्या रंगाचे नोंदणीचिन्ह हे उच्च सुरक्षा नंबरपाटीचाच भाग आहे. ते उपटले की फाटून निकामी व्हावे अशीच त्याची घडण असते. काचेवरचा फास्टॅगही काढून दुसऱ्या काचेवर लावता येत नाही. मोटार विकताना त्याचे खाते रीतसर बंद करून मगच तो फाडावा. मालवाहू वाहनांच्या मागेपुढे व बाजूंना असलेली परावर्तक पट्टी नियमाने सक्तीची आहे, आणि खानवेलकडच्या अंधाऱ्या वळणांवर ती चालकाच्या व पादचाऱ्यांच्या प्राणांची राखण करते; सबब टेंपोवरचे जुने दुकानाचे नाव काढताना उत्साहाच्या भरात ती ओढून काढू नये.

आता काळवेळ. दमणगंगेच्या खोऱ्यात पावसाळ्याचे चार महिने हवेत एवढी आर्द्रता असते की, धुतलेला पत्रा दाराच्या सांध्यांतून व कडांतून वाळता वाळत नाही, आणि ओल्या कडेवर ना उष्णता नीट लागते ना द्रावण. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी उभ्या मोटारीचे बोनेट हात टेकवत नाही इतके तापते. अशा पत्र्यावर गोंद सैल करण्यासाठी ओतलेले आयसोप्रोपिल अल्कोहोल गोंदात मुरण्यापूर्वीच उडून जाते आणि गोंद मात्र वितळून रंगावर पसरतो. डिसेंबर-जानेवारीच्या भल्या पहाटे गोंद कडक होऊन स्टिकर तुकड्यातुकड्यांनी मोडतो. म्हणून या कामास हिवाळ्यातील दहा-अकराची कोवळी उन्हे किंवा उन्हाळ्यातील सकाळची सावली, हीच वेळ उत्तम. आणि हाती निदान दोन-तीन तासांची फुरसत असल्याखेरीज कामास आरंभच करू नये.

प्रथम तो भाग भरपूर पाण्याने व गाडी धुण्याच्या शाम्पूने स्वच्छ करावा. आपल्याकडच्या रस्त्यांवरील खडीची धूळ डोळ्यांना दिसत नाही, पण तिचा एकेक कण कापडाखाली सापडला की क्लिअरवर कायमची रेघ उमटवितो, आणि स्टिकर काढताना झालेले म्हणून जे ओरखडे दाखविले जातात त्यांतील पुष्कळसे वस्तुतः न धुतलेल्या धुळीचे असतात. पत्रा कोरडा झाल्यावर केस वाळविण्याचे साधे यंत्र हातभर अंतरावरून स्टिकरावर सतत फिरवीत राहावे. रंगाऱ्याच्या दुकानातील हीट-गन अनेक शे अंश तापते, ती एका जागी क्षणभर अधिक थांबली की क्लिअरला बुडबुडे येतात आणि प्लास्टिकचा बंपर वाकतो. घरी काम करणाऱ्याने तिच्या वाटेला न जाणेच श्रेयस्कर. पत्रा पुरेसा तापला की नाही याची कसोटी आपला तळहात: तो दोन-तीन सेकंद सुखाने टेकवता यावा, त्याहून अधिक वेळ टेकवता येऊ नये. अति तापविल्याने काम लवकर होईल ही समजूत चुकीची आहे, कारण गोंद फार पातळ झाला की तो स्टिकराची पाठ सोडून रंगालाच बिलगतो आणि पुढचे श्रम दुपटीने वाढतात.

यानंतरचा क्षण महत्त्वाचा. अक्षराचा एक कोपरा नखाने, आणि नख न पोचल्यास जुन्या एटीएम कार्डाच्या किंवा लांबी ओढण्याच्या प्लास्टिकच्या पट्टीच्या कडेने, हलकेच उचलावा. पत्र्यावर ब्लेड, चाकू, लोखंडी पत्ती यांपैकी काहीही लावू नये, मग हात कितीही सरावलेला असो. कोपरा दोन बोटांत धरण्याएवढा सुटला की तो आपल्या अंगाकडे सरळ बाहेर न ओढता, उलटा दुमडून, पत्र्याच्या अगदी लगत, समोरच्या कडेच्या दिशेने हळूहळू न्यावा. सरळ बाहेर ओढल्याने रंगाचा थर वर उचलणारा ताण वाढतो, आणि दुमडून नेल्याने स्टिकराची सुटणारी रेषा तेवढी पुढे सरकत राहते. त्या रेषेकडे निरखून पाहिल्यास गोंदाचे बारीक पांढुरके तंतू ताणून तुटताना दिसतात. ते तंतू स्टिकराबरोबर जात असतील तर वेग व उष्णता योग्य आहे. पत्र्यावरच राहत असतील तर आणखी संथ व्हावे. आणि स्टिकराच्या पाठीवर मोटारीच्या रंगाचा ठिपका जरी दिसला, तरी तत्क्षणी थांबावे, त्या जागी मागे न ओढता पुढच्या बाजूने गरम करून दुसऱ्या कडेने यावे, आणि तरीही रंग येऊ लागला तर तेवढा तुकडा कात्रीने वरच्या वर कापून उरलेला भाग रंगाऱ्याच्या हवाली करावा.

वर्षानुवर्षे उन्हात राहिलेले स्वस्त रेडियम मात्र असे सलग निघत नाही. त्यातील लवचीकपणा आणणारी द्रव्ये उडून गेलेली असतात, ते आकसून भेगाळते, आणि ओढू जाता त्याच्या खपल्या तेवढ्या हातात येतात. अशा वेळी गरम साबणपाण्यात भिजविलेले जाड फडके अर्धा तास त्यावर थापून ठेवावे, मग पुन्हा मंद उष्णता देऊन प्लास्टिकच्या पट्टीने एकेक अक्षर सोडवीत जावे. ड्रिलला लावावयाचे रबरी चाक या कामासाठी दुकानात मिळते व ते परिणामकारकही आहे. परंतु ते कमी वेगावर आणि अखंड फिरते ठेवावे लागते, कारण एका ठिकाणी घर्षण साचले की रंग भाजतो, आणि पुन्हा रंगविलेल्या दारावर तर ते वापरूच नये. परावर्तक कागदाची अक्षरे दोन थरांची असतात. चमकणारा वरचा थर निघून आला तरी खाली करडा थर राहतो, त्यावर द्रावण मुरू द्यावे आणि घाई करू नये. मोटारीच्या मागे उठावदार धातूची किंवा प्लास्टिकची अक्षरे असतात ती बहुधा स्पंजाच्या दुहेरी टेपने चिकटविलेली असतात. ती उपसण्याऐवजी मासे धरण्याचा तंगूस दोन्ही हातांत ताणून अक्षर आणि पत्रा यांच्यामध्ये करवतीप्रमाणे मागेपुढे चालवावा, मात्र तत्पूर्वी त्या अक्षरामागे पत्र्यात बसणारी खुंटी नाही ना, याची खात्री करून घ्यावी.

राहिलेल्या गोंदासाठी काय वापरावे, या बाबतीत लोकांत जितकी मते तितकी द्रावणे आहेत. मी औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या ७० टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलला अग्रमान देतो. ते भाजलेल्या रंगाला अपाय न करता गोंद सैल करते आणि मागे तेलकटपणा ठेवीत नाही. गोंद फारच जाड असेल तर रॉकेल किंवा साधे टर्पेंटाइन फडक्याला लावून दहा मिनिटे मुरू द्यावे आणि नंतर त्याचा तेलकट अंश शाम्पूने पुरता धुऊन काढावा. खोबरेल तेलानेही गोंद सुटतो, त्याला वेळ लागतो एवढेच. आणि पुन्हा रंगविलेल्या, संशयित दारावर मी हाच मार्ग सुचवीन. थिनर आणि नखांचा रंग काढण्याचे ॲसिटोन यांना रंगाच्या जवळ येऊ देऊ नये. हवेवर वाळलेला रंग त्यांनी पाहता पाहता विरघळतो आणि बंपरचे प्लास्टिक पांढरे पडते. पेट्रोलने गोंद निघतो हे खरे, पण उघड्यावर पेट्रोलात भिजलेले फडके घेऊन बसणे हा जीवाशी खेळ आहे. कोणतेही द्रावण प्रथम इंधनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूस, जेथे रंग तोच पण दृष्टीआड असतो, तेथे लावून पाहावे. पांढऱ्या फडक्यावर मोटारीचा रंग उतरला नाही तरच ते दारावर न्यावे. घासताना गोल गोल फिरविण्यापेक्षा गोंद मऊ होऊन गोळ्या बनेपर्यंत थांबावे आणि मग एकाच दिशेने पुसून घ्यावे.

बोनेटवरील गणपतीची अथवा मागच्या काचेवरील छत्रपती शिवाजी महाराजांची प्रतिमा काढताना अनेकांचा हात अडखळतो, आणि तो अडखळावा हेच सुसंस्कृतपणाचे आहे. अशी प्रतिमा खरवडून तिचे तुकडे रस्त्यावर पडू देण्यापेक्षा, तिला पुरेशी उष्णता देऊन, दोघांनी मिळून ती अखंड काढावी व स्वच्छ कागदात गुंडाळून ठेवावी. ती निर्माल्याप्रमाणे दमणगंगेत सोडू नये, कारण तिचे द्रव्य फुलापानांसारखे कुजणारे नाही. आणि जाळूही नये, कारण पॉलीव्हिनिल क्लोराइड जळताना हायड्रोजन क्लोराइड हा घशाला व फुफ्फुसांना जाळणारा वायू बाहेर पडतो. वेगळी गुंडाळून सुक्या कचऱ्यात देणे हीच योग्य व्यवस्था होय.

गोंदाचा शेवटचा अंश गेला तरी पुष्कळदा अक्षरांची आकृती रंगावर जशीच्या तशी दिसत राहते, आणि काम बिघडले अशी भीती वाटते. वस्तुतः बिघडलेले काहीच नसते: अक्षराखालचा रंग उन्हापासून झाकलेला राहिल्याने ताजा असतो आणि सभोवतीचा रंग उन्हाने फिका पडलेला असतो. म्हणून उपाय अक्षरावर नव्हे, तर सभोवतीच्या पृष्ठावर करावयाचा आहे. बारीक रबिंग कंपाउंड मऊ पॅडवर घेऊन सबंध दारावर समान दाबाने फिरविले असता वरचा मृत थर निघून दोन्ही भागांतील अंतर कमी होते. त्यानंतर पॉलिश, आणि शेवटी मेण. पांढऱ्या व चंदेरी मोटारींवर ही छाया लवकर मावळते, लाल आणि काळ्या मोटारींवर ती चिवट असते. येथे एक निरीक्षण कायम ध्यानी ठेवावे: क्लिअर असलेल्या मोटारीवर रबिंग करताना फडक्याला रंग लागता कामा नये. तो लागू लागला, तर एक तर रंग जुन्या पद्धतीचा, क्लिअर नसलेला आहे, किंवा क्लिअर संपून आपण खालच्या रंगापर्यंत पोचलो आहोत. दोन्ही प्रसंगी हात थांबवावा. दाराच्या कडा व पत्र्याच्या उभ्या दुमडी यांवर क्लिअर सर्वांत पातळ असतो, तेथे टेप लावून ठेवणे बरे. दहा वर्षांच्या स्टिकराची छाया पुरती जाईलच असे नाही. ती निम्म्याने कमी झाली की समाधान मानावे, कारण क्लिअर ही परत न मिळणारी पुंजी आहे.

काचेची गोष्ट निराळी. तेथे साबणपाणी लावून नवे ब्लेड तिरपे धरून चालविता येते, फक्त मागच्या काचेच्या आतील बाजूस धुके घालविणाऱ्या ज्या बारीक तारा असतात त्यांना ब्लेड लागू देऊ नये. २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मोटारींच्या काचांवरील काळ्या फिल्मला मनाई केली, आणि त्यानंतर घाईघाईने फिल्म खरवडणाऱ्या कित्येकांच्या मागच्या काचेवरील या तारा तुटल्या. आतून फिल्म काढावयाची असल्यास ओली काळी प्लास्टिकची पिशवी त्यावर पसरून मोटार तासभर उन्हात ठेवावी. उन्हाच्या वाफेने गोंद मऊ होतो आणि फिल्म सबंध निघते.

इतकी काळजी घेऊनही एखाद्या ठिकाणी रंगाची खपली निघालीच, तर ती उघडी ठेवून पावसाळ्याची वाट पाहू नये. पांढरा किंवा करडा प्रायमर दिसत असेल तर अवकाश आहे. पण चकचकीत पत्रा दिसत असेल तर पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यातच तेथे तांबूस गंज धरील आणि तो भोवतालच्या रंगाखाली शिरू लागेल. ती जागा अल्कोहोलने पुसून कोरडी करावी, दाराच्या खांबावर किंवा इंजिनाच्या खणातील धातूच्या पट्टीवर कोरलेला रंगाचा सांकेतिक क्रमांक टिपून घ्यावा, आणि त्याच क्रमांकाच्या टच-अपच्या बाटलीतील रंग बारीक कुंचल्याने, एका वेळी पातळ असा, दोन-तीन हात देऊन भरावा. प्रत्येक हातामध्ये अर्ध्या तासाचे अंतर ठेवावे, शेवटचा हात क्लिअरचा द्यावा, आणि त्यावर निदान महिनाभर ना मेण लावावे, ना नवे अक्षर.